तिसऱ्या वाटीखालचं वांगं

मी धंद्याने जादूगार. खोटं बोलायचं ते बाजारात, कागदावर नाही. तेव्हा पुढचं सगळं खरं आहे असं समजून वाचायला हरकत नाही.

माझा जन्म जळगावच्या पूर्वेला, केळीच्या पट्ट्यातला. आमच्या मळ्यात एका साली केळीचा एवढा मोठा घड आला होता, की तो उतरवायला वर चढलेल्या गड्याला तिथून मध्य प्रदेश दिसला, आणि तो तसाच पलीकडे उतरून कामाला लागला. अशा घरातल्या मुलाने केळी बघावी. मी सोलायच्या आधीच आतून कापलेलं केळं काढून दाखवायला लागलो. वडिलांनी कपाळावर हात मारला आणि मला बाजाराच्या हवाली केलं. मग उभी हयात आठवडी बाजारांत गेली. पहूरच्या बाजारात मी एका साहेबांची टोपी गायब केली होती. ती अजून सापडलेली नाही. त्यांची बदली त्यामुळेच झाली असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मी.

नावं कोणाचीच सांगणार नाही, माझंही नाही. ज्याच्याबद्दल लिहायला बसलो, तो धुळ्याचा होता एवढं पुरे.

धुळ्यात पत्र्याच्या पेट्या, डबे आणि धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्यांची एक गल्ली आहे. दिवसभर तिथे अशी ठोकाठोक चालते, की त्या गल्लीतली मांजरंसुद्धा ओरडून बोलतात. तो तिथला कारागीर. आठवड्याचे काही दिवस पत्रा ठोकायचा आणि उरलेले दिवस बाजारात पितळेच्या तीन वाट्या उपड्या घालून बसायचा. ठोकाठोकीच्या वर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे गळा असा तयार झालेला, की पिंपळनेरच्या बाजारात तो बोलायला लागला म्हणजे साक्रीच्या स्टँडवर कंडक्टर घंटी मारायचा थांबत असे. हे वाढवून सांगत नाही. कमी करून सांगतोय, कारण खरं सांगितलं तर कोणाला पटणार नाही.

मी लोकांसमोर त्याला पत्रेवाला म्हणायचो आणि लोक नसले की उस्ताद. तो लोक नसले की मला नाना म्हणायचा. लोकांसमोर काय म्हणायचा, त्यातलं निम्मं छापता येणार नाही.

आमचं वैर खानदेशात प्रसिद्ध होतं. एकाच बाजारात दोन जादूगार आले की एकाने ह्या टोकाला बसायचं, दुसऱ्याने त्या टोकाला, आणि खेळ सुरू करण्याआधी एकमेकांची लक्तरं काढायची. मी माझ्या टोकावरून सुरू करायचो, "त्या धुयावालाले काय येस रे? डबाले झाकन बसाडता येत नही, तो काय जादू करी?" हे वाक्य मिरच्यांच्या ढिगाजवळून, चपलांच्या दुकानाजवळून, बैलांच्या दावणीजवळून माणसांच्या तोंडांतून त्याच्यापर्यंत जायचं. मग तिकडून त्याचा आवाज यायचा. त्याला मधल्या माणसांची गरज नव्हती. "त्या केयावालाले सांगा, तुना बाप केया इके, तू थापा इकस." सगळा बाजार हसत माझ्याकडे वळायचा. बाप केळी विकायचा, मुलगा थापा विकतो, ह्यावर मला उत्तर सुचतंय का, हे बघायला भाजीवाल्या बाया तराजू हातात धरून थांबायच्या. धरणगावला आमच्या दोघांत मोठा कोण ह्यावरून दोन भावांनी चूल वेगळी केली होती.

आणि आम्ही दोघं यायचो एकाच एसटीने. शेजारी शेजारी बसून, एका पुडीतले शेंगदाणे खात, आज कोणी कोणाला काय म्हणायचं ते ठरवत. गाव जवळ आलं की आळीपाळीने एक जण आधीच्या फाट्यावर उतरायचा आणि बाकीचं अंतर पायी यायचा. पावसाळ्यात चालायची पाळी बहुतेक माझ्यावर येई, कारण उस्तादाला पंचांग पाठ होतं.

बाजार उठल्यावर मी कितीदा तरी त्याच्या घरी जेवलो. त्याची बायको होती तोवर तिच्या हातचं, आणि ती गेल्यावर मुलीच्या हातचं. मुलगी लहान असताना मी तिच्या कानातून नाणं काढून दाखवलं, तेव्हा उस्ताद माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचा खरोखर चिडला. म्हणाला, "नाना, घरात नको. बाहेर जेवढं फसवायचं तेवढं फसवू. घरात नको." त्याने स्वतः घरात कधी एक गोळी इकडची तिकडे केली नाही. बाजारात बायकापोरींना तो नेत नसे. त्यामुळे जे पिंपळनेरच्या बैलांनीसुद्धा पाहिलं होतं, ते त्याच्या मुलीने पाहिलं नव्हतं.

ते म्हणजे वांगं. वाट्या आणि गोळ्यांचा खेळ सगळे करतात. तीन वाट्या, तीन कापडी गोळ्या, ह्या वाटीखालची त्या वाटीखाली. शेवटी गोळीच्या जागी कोणी लिंबू काढतं, कोणी कोंबडीचं पिल्लू. उस्ताद तिसरी वाटी उचलायचा आणि खाली वांगं असायचं. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, देठासकट, भरताच्या जातीचं. लहानसं निवडून आणलेलं, पण वाटीत मावणार नाही असं वाटावं एवढं. खानदेशातल्या माणसाला वांगं दाखवणं म्हणजे त्याच्या घरातलं माणूस दाखवणं. बाजार खुळा व्हायचा.

मुलगी मोठी झाली, शाळेत शिक्षिका झाली, तिचं लग्न झालं, नवरा-मुलांसह ती बापाच्या घरातच राहिली. ती मला चाचा म्हणायची. ईदला तिचा फोन यायचा आणि दिवाळीला तर पहाटेच यायचा, माझ्या घरात दुसरं कोणी उठवणारं नाही म्हणून. माझं स्वतःचं असं जे काही होतं ते धुळ्याला त्या ठोकाठोकीच्या गल्लीत होतं. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. गळ्यात ढोल बांधलेल्या माणसाला असलं बोलता येत नाही.

मग उस्तादाचा घसा बसला. सर्दी असेल म्हणत त्याने हळद खाल्ली, ज्येष्ठमध चघळला. शेवटी मुंबईला नेलं तेव्हा गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला पुढून एक भोक राहिलं, श्वासासाठी. त्यावर तो पांढरा रुमाल बांधायचा. ओठ हलायचे आणि आवाज नाही. घरच्यांना ते वाचायला वेळ लागला. मला लागला नाही, कारण लोकांच्या नकळत लांबून ओठांनी बोलायची आमची जुनीच रीत होती. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर बसला होता. ओठ हलले, "बाजार तुझा झाला."

मी म्हणालो, "उस्ताद, एकट्याने भांडता येत नाही."

काही दिवस बरे गेले. मग आजार फुप्फुसात उतरला. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं ते तिने मला फोनवर सांगितलं, आणि मी त्याच्यासमोर जाऊन हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं. नंतर ओठांनी म्हणाला, "तुझ्या थापा आता कळायला लागल्या. म्हातारा झालास."

ह्याच सुमारास जळगावच्या दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दिवसभर लोकांचे दात काढायच्या आणि महिन्यातून एकदा लोकांना चांगले सिनेमे दाखवायच्या. दोन्ही कामं सारख्याच तळमळीने. त्या म्हणाल्या, "सर, दोन जादूगारांच्या वैरावरचा परदेशी सिनेमा आहे, हिंदीत केलेला. आमची कल्पना अशी, की सिनेमाच्या आधी तुम्ही थोडी जादू करावी आणि मध्यंतरात तुमचे धुळ्याचे प्रतिस्पर्धी. खरे वैरी, एका स्टेजवर."

मी सांगितलं की वैऱ्याला आता बोलता येत नाही. "मग तर त्यांना आणायलाच हवं," असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज ओला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

उस्तादाला सांगितलं, तर खाटेवर नीट उठून बसला. ओठ म्हणाले, "वाट्या मी करतो. बोलणं तू कर." मग त्याने स्वयंपाकघराकडे मान केली, जिथे मुलगी भाकरी थापत होती. "हिने एकदा बघावं, नाना. स्वच्छ. एक पण चूक नको. मग झालं."

मुलीला ते मंजूर नव्हतं. पिठाचे हात तसेच घेऊन ती बाहेर आली. "चाचा, तिथे नेऊन काय करणार अब्बांना? लोक त्यांच्या गळ्याकडे बघणार."

"लोक हातांकडे बघतील," मी म्हणालो. "ह्याचे हात बघायला लोक नंदुरबारहून यायचे."

"तुमचे लोक नेहमी नंदुरबारहूनच येतात."

बापाने तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तिने हातांवरचं पीठ झटकलं आणि ती माझ्याकडे वळली. "ठीक आहे. पण एक अट. स्टेजवर त्यांना एक शब्द वाकडा बोलायचा नाही. तुमचं ते बाजारातलं मला सगळं माहीत आहे, लोक अजून सांगतात."

"अगं, ते खोटं असायचं."

"असू दे खोटं. आता त्यांना उत्तर देता येत नाही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तिच्या पाठीमागे उस्ताद डोळे मिटून ओठ हलवत होता, "मेलो आपण."

आता जे कोणाला माहीत नाही ते सांगतो. आमचं भांडण गर्दी जमवायला होतं हे खरं, पण त्याचं मुख्य काम दुसरं होतं. वाटीखाली वांगं कसं येतं ते मी सांगणार नाही, जीभ कापली तरी. एवढंच सांगतो, की त्यासाठी समोरच्या प्रत्येक माणसाची मान एका क्षणासाठी दुसरीकडे वळावी लागते. बाजारात उस्ताद ऐन वेळी वर बघून माझ्या टोकाकडे एक शिवी फेकायचा, मी परत फेकायचो, दोनशे माना वळायच्या आणि पुन्हा खाली येईपर्यंत वांगं आपल्या जागी असायचं. भांडण हा त्या खेळाचाच एक हात होता. मुलीने नेमका तो बांधून टाकला होता, आणि तेही मायेने.

आम्ही दुसरे उपाय ठरवले. मी मध्येच एक फर्मास विनोद करायचा, सगळे हसून माझ्याकडे बघतील. नाही जमलं तर स्टीलचं ताट पाडायचं. ताट पडलं की माणूस वळतोच.

जळगावचं ते थिएटर जुनं आहे. मी तरुण असताना तिथे उंदीर तिकीट काढून बसायचे. आता खुर्च्या नव्या होत्या आणि उंदीर बाल्कनीत गेले होते. दुपारचा खेळ, हॉल भरलेला. सिनेमाआधी मी दोऱ्या कापल्या, जोडल्या, एका प्रोफेसरांच्या खिशातून दुसऱ्यांच्या बायकोचा रुमाल काढला, लोक पोट धरून हसले. मग दिवे गेले आणि मी खाली येऊन उस्तादाच्या शेजारी बसलो. पलीकडे मुलगी, तिचा नवरा, मुलं.

पडद्यावर दोन गोरे जादूगार एकमेकांच्या जिवावर उठले होते. एवढा द्वेष, एवढी महागडी यंत्रं. उस्ताद मन लावून बघत होता. मध्येच त्याने माझ्या मांडीवर टिचकी मारली, आणि पडद्याच्या उजेडात मला त्याचे ओठ दिसले. "बघ, दोघं वेगवेगळ्या गाडीने येतात. तिथेच घोळ झाला." तो हसला. आवाज नसलेलं हसू, फक्त खांदे हलतात. मुलीने घाबरून त्याच्या पाठीवर हात ठेवला, तिला वाटलं धाप लागली.

मध्यंतर झालं. कोणी उठू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी आधीच माईक घेतला. चांगली बाई. जे केलं ते चांगल्या मनानेच केलं. त्यांनी उस्तादाचा आजार सांगितला, ऑपरेशन सांगितलं, कलाकाराचा आवाज जाणं म्हणजे काय ते सांगितलं, आणि शेवटी त्यांना बोलवेना. हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज आले. उस्ताद स्टेजवर चढला तेव्हा सगळा हॉल उभा राहिला आणि काहीही केलेलं नसताना त्याच्यासाठी बराच वेळ टाळ्या वाजवत राहिला. मी बाजूला माईक धरून उभा होतो.

लोक बसले. उस्तादाने सतरंजीवर मांडी घातली, वाट्या मांडल्या, पहिली गोळी दाखवली. हात तेच होते. बाकीचं शरीर वाळून गेलं होतं, पण मनगटाच्या पुढे तो अजून पस्तिशीचा होता. मी बोलत होतो, गोळ्या फिरत होत्या, सगळं बिनचूक. आणि एकही माणूस पापणी लववत नव्हता.

बाजारातली माणसं जादूगाराकडे कशी बघतात, तर अर्धं लक्ष देऊन. पिशवी सांभाळत, पोराला ओढत, हा आपल्याला फसवणार आहे तर बघू या म्हणत. हे लोक त्याच्याकडे असे बघत होते जसं दवाखान्यात खाटेवरच्या माणसाकडे बघतात. दया आली की माणूस नजर हलवत नाही. अशा डोळ्यांपुढे वाळूचा कण इकडचा तिकडे करता येत नाही, वांगं तर लांबच. शिवाय सगळ्यांनी फोन वर धरले होते, पण फोनची मला भीती नव्हती. फोन धरणारी माणसं जिकडे वळतात तिकडेच फोन वळतात.

तिसऱ्या वाटीची वेळ आली. मी विनोद केला. माझा सगळ्यात चांगला, सासूबाईंच्या कवळीचा, ज्यावर एरंडोलला एका हवालदाराचं बटण तुटलं होतं. कोणी हसलं नाही. अशा प्रसंगी हसणं बरं नव्हे असं सगळ्यांनी एकाच वेळी ठरवलं होतं. पहिल्या रांगेतल्या एक बाई माझ्याकडे न बघताच कडवटपणे 'गप्प बसा' म्हणाल्या.

मी ताट पाडलं. ते बराच वेळ भोवऱ्यासारखं फिरत आवाज करत राहिलं. एकही मान वळली नाही.

उस्तादाचा उजवा हात गुडघ्यावर थांबला होता. त्याला दम लागत होता, रुमाल आत-बाहेर होत होता. अजून थोडा वेळ गेला असता तर हात थरथरले असते, आणि त्याच्या मुलीने जन्मात एकदा बघितलेला बापाचा खेळ असा फसलेला बघितला असता. टाळ्या तरीही पडल्या असत्या. त्याच त्याला नको होत्या. त्याने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, "बोल."

मी मुलीकडे बघितलं नाही. माईक तोंडाजवळ घेतला आणि बाजारातला आवाज काढला.

"मंडळी, जन्मभर ह्या पत्रेवाल्याला मी सांगत आलो, तोंड बंद ठेव. माझं कधी ऐकलं नाही. शेवटी डॉक्टरने ऐकलं."

हॉलमध्ये एक चमत्कारिक आवाज झाला, एवढ्या लोकांनी एकदम श्वास आत घेतल्यासारखा. काही माना वळल्या, काही नाही. अर्ध्यांनी भागणार नव्हतं. त्याच्यासमोर मी एकदा माझी पगडी अर्धीच पेटवली होती तेव्हा तोच म्हणाला होता, करायचं तर पूर्ण कर. मी पूर्ण केलं.

"सगळ्या खानदेशाला डबे दिले ह्याने. आणि आता बघा, स्वतःच्याच डब्याला भोक. धुळ्याचा माल. मी म्हणतच होतो, टिकायचा नाही."

मुलगी उठून उभी राहिली. "चाचा," ती म्हणाली. ओरडली नाही. वर्गात एखाद्या मुलाला थांबवावं तसं म्हणाली, पण आवाज मध्येच फाटला. त्या एका शब्दाने सगळा हॉल वळला, अर्धा तिच्याकडे आणि अर्धा माझ्याकडे. कोणीतरी ओरडलं, माईक काढून घ्या ह्याच्याकडून. कोणी म्हणालं, लाज नाही का. पहिल्या रांगेतल्या त्या बाई आता माझ्याकडे टक लावून बघत होत्या. डॉक्टरीणबाई धावत स्टेजवर आल्या आणि माझ्या हातातून माईक ओढून घेतला. मी थोडा वेळ सोडला नाही. मला जेवढे क्षण खेचता येतील तेवढे हवे होते.

मग मागून पितळेवर नख वाजलं. टिक.

सगळे वळले. उस्तादाने तिसरी वाटी उचलली. वांगं तिथे होतं, हिरवं, देठ वर करून बसलेलं.

त्यानंतर जे झालं ते मी वाढवून सांगू शकत नाही, कारण वाढवायला वर जागाच नाही. टाळ्यांनी छत खाली आलं. लोक खुर्च्यांवर चढले. आता त्या टाळ्यांत दया नव्हती. त्यांना वाटलं, एवढा अपमान होत असताना ह्या माणसाने मान वर केली नाही, हात हलू दिला नाही, आणि उत्तर म्हणून वांगं ठेवलं. त्यांना तसं वाटलं ते ठीकच झालं. उस्ताद वांगं तळहातावर घेऊन पहिल्यांदा मुलीला दाखवत होता. ती रडत टाळ्या वाजवत होती. त्याचा चेहरा मी धरणगावला पाहायचो तसा झाला होता, लबाड आणि तृप्त.

सिनेमाचा उरलेला भाग मी पाहिला नाही. मला कोणी हाकललं नाही, पण बसा असंही कोणी म्हणालं नाही. बाहेर पानाच्या टपरीमागे उभा राहिलो. खेळ सुटल्यावर मुलगी बापाला हाताला धरून घेऊन आली. माझ्यासमोरून गेली. गाडीत त्याला बसवलं, पाठीमागे उशी नीट केली, दार लावलं. ती पुढे बसायला वळली तेवढ्यात त्याने काचेतून माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. "आवाज कमी पडला तुझा, केळीवाल्या." त्याची पाळी होती, त्याने घेतली. गाडी निघाली.

त्या दिवाळीला पहाटे फोन वाजला नाही. मी उगाच लवकर उठून बसलो होतो. मी केलेले फोन तिच्या नवऱ्याने उचलले. तो भला माणूस, म्हणायचा, "बरे आहेत. आराम करतायत. सांगतो त्यांना." उस्तादाला फोनवर माझ्याशी बोलता येणं शक्य नव्हतं, आणि मला त्याचे ओठ दिसणं शक्य नव्हतं. जायला निघालो असतो तर कोणी दारातून परत पाठवलं नसतं. तेच मला नको होतं. तिने दार उघडावं, बसा म्हणावं आणि आत निघून जावं, हे बघायला माझे पाय उचलेनात.

हे मी छापायला देतोय त्याबद्दल दोन शब्द. खेळ फोडल्याचा आरोप माझ्यावर येणार नाही, कारण माझ्यावर खानदेशात कोणी विश्वास ठेवत नाही. ज्याने मळ्यातल्या घडावरून मध्य प्रदेश दाखवला, त्याने वैऱ्याला शिव्या देऊन वाचवलं म्हटलं तर लोक म्हणतील, नानांनी नवीन सोडली. तिने वाचलं तर तीही तेच म्हणेल. थापांचा असाही एक उपयोग असतो. आणि असाही एक तोटा.

उस्ताद गेल्याचं मला त्याच्या गल्लीतल्या एका कारागिराकडून कळलं. मी पोचलो तेव्हा मातीही होऊन गेली होती. पुढच्या खोलीत शेजारपाजारची माणसं बसली होती. कामं बंद होती, त्या गल्लीत मी पहिल्यांदा शांतता ऐकली. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. मुलगी बायकांमध्ये बसली होती, ती उठून बाहेर आली.

एका म्हाताऱ्या शेजाऱ्याला ती सांगायला लागली, बहुधा त्याने तेच विचारलं होतं. "शेवटपर्यंत हात साफ होते त्यांचे. जळगावला एवढे लोक बघत होते, मी समोर होते, पण कोणाला कळलं नाही वांगं कधी आलं. मी रोज विचारायचे. नुसते हसायचे." सांगताना तिचा चेहरा उजळला होता. मग ती माझ्याकडे वळली. कित्येक महिन्यांनी तिने माझ्या डोळ्यांत बघितलं.

"तुम्ही तर शेजारीच उभे होता, चाचा. तुम्हाला दिसलं?"

मला वाटतं तिला खरंच विचारायचं होतं. त्या प्रश्नात थोडी फट होती. मी हो म्हटलं असतं आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं असतं, की बेटा, तू उभी राहिलीस तेव्हा आलं, तुझ्या बापाने मला बोल म्हटलं म्हणून मी बोललो, तर कदाचित ती रडली असती आणि मला परत घरात घेतलं असतं. पण मग तिने पाहिलेला तो खेळ तिच्या बापाचा राहिला नसता. अर्धा माझा झाला असता, आणि एक पाव तिचा. तिला त्यातला सोळा आणे बाप हवा होता, आणि त्यालाही तसाच द्यायचा होता.

"नाही," मी म्हणालो. "मला कुठलं दिसतंय."

ती मग हळू आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू, म्हणाली, "मग तसं का बोललात?"

जन्मभर माझ्याकडे प्रत्येक वाक्याला उत्तर होतं. भर बाजारात, उन्हात, हजार माणसांत होतं.

"सवय," मी म्हणालो.

तिने मान हलवली. आतून कोणीतरी पाण्याचा ग्लास आणून दिला. मी तो सगळा प्यायलो आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून बसलो. तिने तो माझ्याकडून घेतला.

"निघा आता, नाना," ती म्हणाली. "जळगावची बस मिळेल तुम्हाला."

त्या घरात मला आजवर कोणी बसची आठवण करून दिली नव्हती. आणि ती मला नाना कधीच म्हणाली नव्हती. ते सगळे म्हणतात.

बस मिळाली. खिडकीची जागाही मिळाली. पारोळ्याला शेजारी बसलेल्या माणसाने मला ओळखलं. मोठ्या उत्साहाने विचारलं, नाना, तुमचा तो धुळ्याचा वैरी कसा आहे. मी म्हणालो, बरा आहे.